पन्नास मैल आणि एक दुखरी पाठ

९ फेब्रुवारी १९६३, शनिवार. पहाटेचे पाच वाजले होते. वॉशिंग्टनच्या बाहेर, पोटोमॅक नदीला समांतर जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या काठाने पाच माणसं चालायला निघाली. पारा शून्याच्या खाली होता. वाटेवर बर्फ होता, आणि जिथे बर्फ नव्हता तिथे बर्फाचा चिखल. पाचांतला एक होता रॉबर्ट केनेडी, अमेरिकेचा ॲटर्नी जनरल. त्याच्या पायात ट्रेकिंगचे सोडा, साधे कॅनव्हासचेही बूट नव्हते. ऑफिसात घालायचे चामडी बूट घालूनच हा गडी निघाला होता. सराव काहीच नाही. गाठायचे होते पन्नास मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटर. पुण्यातून पहाटे निघायचं, लोणावळा मागे टाकायचा, घाट उतरायचा आणि रात्री मुक्कामाला खोपोलीत पोचायचं, साधारण एवढं.

बरोबरचे एकेक करून गळत गेले. पस्तिसाव्या मैलाला शेवटचा सोबतीही थांबला. तेव्हा बॉबी त्याला म्हणाला म्हणतात, की तू नशीबवान, तुझा भाऊ राष्ट्राध्यक्ष नाही. मग तो एकटाच पुढे गेला आणि सतरा तास पन्नास मिनिटांनी थांबला.

भावाचा यात संबंध असा. १९०८ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने फर्मान काढलं होतं, की नौसैनिक दलाच्या अधिकाऱ्यांना तीन दिवसांत मिळून वीस तासांच्या चालीत पन्नास मैल जाता आलं पाहिजे. ते जुनं फर्मान दलाच्या प्रमुखाला, जनरल शूपला, कागदपत्रांत सापडलं आणि त्याने ते जॉन केनेडीला दाखवलं. केनेडीने विचारलं, आजच्या अधिकाऱ्यांना हे जमेल का? गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि ऐन हिवाळ्यात अख्खा देश चालायला लागला. बॉय स्काउट, कॉलेजची पोरं, कारकून, पोस्टमन, सगळे. राष्ट्राध्यक्षाच्या ढेरपोट्या प्रेस सेक्रेटरीलाही आधी चालायला उभं केलं होतं, पण त्याने विनोद करून अंग काढून घेतलं. त्याच महिन्यात फ्लोरिडात केनेडीचा एक मित्र आणि त्याचा साडू असे दोघं पन्नास मैल चालले. राष्ट्राध्यक्ष अधूनमधून त्यांची खबर घ्यायला यायचा. गाडीतून.

गाडीतून, कारण तो स्वतः चालूच शकला नसता. ज्या माणसाने देशाला थंडीत ऐंशी किलोमीटर चालायला लावलं, त्याची पाठ त्या काळातल्या सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत लपवलेल्या दुखऱ्या पाठींपैकी एक होती.

*

ही पाठ पहिल्यांदा दुखावली ती हार्वर्डमध्ये फुटबॉल खेळताना, असं सांगतात. १९४१मध्ये लष्कराने याच पाठीमुळे त्याला नाकारलं होतं. वडिलांच्या ओळखीपाळखीने तो नौदलात शिरला. १९४३च्या ऑगस्टमध्ये सॉलोमन बेटांजवळ अंधारात एका जपानी विनाशिकेने त्याची टॉर्पेडो बोट मधोमध कापली. भाजलेल्या एका खलाशाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी जवळपास चार तास पोहत राहिला आणि त्याला बेटावर घेऊन गेला. या पराक्रमाने पुढे त्याला निवडणुका जिंकून दिल्या. पाठीचं जे झालं ते झालं.

१९४४मध्ये बॉस्टनला पहिलं ऑपरेशन झालं. १९५४च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला दुसरं, त्यात मणके जोडून धातूची पट्टी बसवली. जखमेत जंतुसंसर्ग झाला, तो बेशुद्धीत गेला, धर्मगुरूला बोलावून अंत्यविधीचे मंत्रही म्हणून झाले. चार महिन्यांनी पुन्हा टेबलावर घेऊन ती पट्टी काढली. मग फ्लोरिडात अनेक महिने अंथरुणात. पडल्यापडल्या एक पुस्तक उभं राहिलं, त्याला पुलित्झर मिळालं, पण सिनेटमध्ये परतला तेव्हाही कुबड्या होत्याच. फोटोग्राफर आले की तो त्या लपवायचा.

पुढे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या बाईंनी त्याच्या स्नायूंत नेमक्या दुखऱ्या जागी प्रोकेनची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. झुलती खुर्ची सुचवली, एका बुटाची टाच उंच करून दिली. आराम पडायचा. १९६१च्या मे महिन्यात कॅनडात ओटावाला समारंभपूर्वक झाड लावताना तो फावडं घेऊन वाकला आणि पाठ पुन्हा गेली. त्यानंतर दोनतीन आठवड्यांत व्हिएन्नात ख्रुश्चेवसमोर बसायचं होतं. जगाच्या डोक्यावर अणुबॉम्ब टांगलेला आणि वाटाघाटीला आलेला एक गडी कमरेला करकचून पट्टा बांधून बसलेला.

आपल्याकडे उसण भरली, कंबर धरली की घरातली वडील मंडळी पहिलं वाक्य म्हणतात, ‘पडून राहा.’ डॉक्टर तेच इंग्रजीत म्हणायचे, ‘कम्प्लीट बेड रेस्ट.’ केनेडीचे डॉक्टर वीस वर्षं साधारण हेच सांगत होते, मधूनमधून सुरी चालवत होते. ही कल्पना आली कुठून, हा या गोष्टीतला खरा इतिहास आहे, कारण ती वाटते तेवढी प्राचीन नाही. पाठीची दुखणी जुनीच, हिपोक्रेटिसच्या ग्रंथांतही आहेत. पण साध्या कंबरदुखीसाठी माणसाला आठवडेच्या आठवडे आडवं करणं ही बरीचशी एकोणिसाव्या शतकाची देणगी.

लंडनचा सर्जन जॉन हिल्टन याने १८६०च्या सुमारास विश्रांतीवर व्याख्यानमाला दिली आणि १८६३मध्ये तिचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वेदना ही निसर्गाची सूचना आहे आणि सूचना एकच, हलू नका. त्याच्यानंतर लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस आला. हा वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला, स्वतः शिकून डॉक्टर झालेला, टोकाचा हट्टी. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या, हा त्याचा मंत्र होता. त्याने मांडीच्या मोडलेल्या हाडासाठी केलेल्या चौकटीने पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे जीव वाचवले, तेव्हा त्याची चेष्टा करायचं कारण नाही. मोडलेलं हाड स्थिर ठेवावंच लागतं. क्षयाने पोखरलेल्या सांध्यावर औषधच नव्हतं, तेव्हा स्थिर ठेवणं एवढंच हातात होतं. चूक झाली ती पुढे. मोडलेल्या हाडाचा न्याय न मोडलेल्या पाठीला लावला गेला.

त्यात आगगाडीची भर पडली. १८६६मध्ये जॉन एरिक एरिक्सनने रेल्वे अपघातातल्या प्रवाशांवर पुस्तक लिहिलं. वरून धडधाकट दिसणाऱ्या पण पाठदुखीने, झोपमोडीने हैराण झालेल्या या लोकांच्या मज्जारज्जूला धक्का बसला असावा, असं त्याने मांडलं. ‘रेल्वे स्पाइन’ हा शब्द रूढ झाला, नुकसानभरपाईचे खटले उभे राहिले, दोन्ही बाजूंनी डॉक्टर साक्षीला जाऊ लागले. पाठदुखी ही आत काहीतरी तुटल्याची खूण आहे ही भीती या काळात लोकांच्या डोक्यात घट्ट बसली. अजून निघालेली नाही.

आणि मग बर्फावर पडलेला एक तरुण. अमेरिकेत व्हरमाँटला स्कीइंग करताना तो आपटला आणि पायात उतरणारी कळ दोन वर्षं गेली नाही. १९३२मध्ये बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी त्याची पाठ उघडली. निघालेला तुकडा आधी गाठ वाटली. नीट तपासल्यावर कळलं, की ही दोन मणक्यांमधली गादी आहे, फुटून बाहेर आलेली. १९३४मध्ये त्यांचा लेख आला आणि ‘गादी सरकली’ हे शब्द जगभर गेले. शोध अस्सल होता, सायटिकाच्या अनेक रुग्णांना त्याने न्याय दिला. पण पुढची चाळीस वर्षं जी पाठ दुखेल तिच्यात गादीच शोधली गेली. त्याच बॉस्टनमध्ये दहा वर्षांनी केनेडीचं पहिलं ऑपरेशन झालं, तेही याच लाटेत.

गंमत म्हणजे गादी सरकलेली दिसणं आणि पाठ दुखणं यांचा संबंध किती सैल आहे, हे कळायला एमआरआय यावं लागलं. १९९४मध्ये अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. ज्यांच्या सगळ्या गाद्या निर्दोष होत्या असे निघाले फक्त ३६ टक्के. निम्म्याहून जास्त लोकांची एक तरी गादी फुगलेली होती, आणि ते खुशाल हिंडत होते. तुमच्यापैकी कुणी आपला रिपोर्ट मोबाइलवर उघडून त्यातले शब्द रात्री दोन वाजता गूगल करत बसला असाल, तर हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

*

आता हान्स क्राऊसकडे येऊ. या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा माणूस.

१९०५मध्ये त्रिएस्तला जन्म. पहिल्या महायुद्धात घरचे झुरिकला गेले, तिथे पोराला इंग्रजी शिकवायला जो मास्तर यायचा त्याचं नाव जेम्स जॉइस. क्राऊस व्हिएन्नात डॉक्टर झाला, पण जीव डोंगरात. आल्प्समधल्या कड्यांवर दोर लावून चढायचं, हाच त्याचा खरा धर्म. व्हिएन्नात मुरगळलेल्या पायाला त्या वेळी प्लास्टर घालायचे. क्राऊसने १९३०च्या दशकात उलटं करून पाहिलं. दुखऱ्या जागी गार करणारा एथिल क्लोराइडचा फवारा मारायचा, वेदना मंद झाली की लगेच, हळूहळू, सांधा हलवायला लावायचा. माणसं लवकर बरी व्हायला लागली. गिर्यारोहक आणि स्कीइंग करणारे असले रुग्ण त्याला भरपूर मिळत. त्यांना महिनाभर पडून राहायचंच नसतं, ही त्याच्या दृष्टीने सोय.

१९३८मध्ये तो न्यूयॉर्कला आला. शहराच्या उत्तरेला शवांगंक नावाची कड्यांची रांग आहे. तिथे त्याने आणि फ्रिट्झ वीसनरने १९४१मध्ये पाडलेली ‘हाय एक्स्पोजर’ नावाची वाट आजही चढणाऱ्यांची लाडकी आहे. आठवडाभर हॉस्पिटलात पाठी तपासायच्या, सुट्टीला कड्यावर लटकायचं. डॉ. सोन्या वेबरबरोबर काम करताना त्याच्या लक्षात आलं, की कंबरदुखी घेऊन येणाऱ्या बहुसंख्य लोकांत ना गादीचा दोष सापडतो ना हाडाचा. सापडतात ते अशक्त पोट, आखडलेली पाठ, ताणलेल्या मांड्या. दोघांनी सहा सोप्या हालचालींची चाचणी बनवली. शाळकरी मुलांवर ती लावली तेव्हा अमेरिकेतली ५७.९ टक्के मुलं किमान एका हालचालीत नापास झाली. इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली फक्त ८.७ टक्के. क्राऊसचं निदान सरळ होतं. अमेरिकन पोरं शाळेत मोटारीने जातात, युरोपातली चालत. या आकड्यांनी आयझेनहॉवर हादरला आणि १९५६मध्ये मुलांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली.

निवडून आल्यावर, पद हातात घेण्याआधी, डिसेंबर १९६०मध्ये केनेडीने एका क्रीडा साप्ताहिकात अमेरिकन माणूस कसा मऊ पडत चालला आहे यावर लेख लिहिला. त्यात आधार दिला होता क्राऊस आणि वेबर यांच्या चाचण्यांचा. म्हणजे देशाला क्राऊस वाचून दाखवणारा माणूस स्वतः मात्र पट्टा बांधून, इंजेक्शनं घेऊन, गरम पाण्यात बसून दिवस काढत होता. याला दांभिकपणा म्हणता येईल. मला त्यात जास्त एकटेपणा दिसतो. पाठीच्या माणसाला ओळखीचा असतो तो.

१९६१च्या शरद ऋतूत व्हाइट हाउसमधल्या इतर डॉक्टरांना काळजी वाटायला लागली. इंजेक्शनांची संख्या वाढत होती आणि माणूस जिना चढताना कठडा धरत होता. ऑक्टोबरात क्राऊसला बोलावलं गेलं. क्राऊसने तपासलं तेव्हा पोटाचे स्नायू लुळे पडलेले आणि पाय आखडून लाकूड झालेले. त्याने पथ्य सांगितलं ते असं, की आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, चुकवायचा नाही. तो स्वतः न्यूयॉर्कहून यायचा. पोहण्याच्या तलावाशेजारच्या छोट्या खोलीत व्यायाम चालायचे. सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी. पाठीवर पडून गुडघा छातीशी, खांदे सैल सोडणं, श्वास. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, ही राष्ट्राध्यक्षाची अट.

१९६२च्या वसंतापर्यंत त्याची पाठ कैक वर्षांत नव्हती एवढी बरी होती. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो गोल्फ खेळतानाच्या फिल्मही आहेत. फेब्रुवारी १९६३मध्ये त्याला पन्नास मैलांचा खेळ सुचला तो या बऱ्या दिवसांत, ही गोष्ट त्या चालींच्या हकिगतीत सहसा सांगितली जात नाही. पूर्ण बरा मात्र तो झाला नव्हता. पट्टा सुटला नव्हता. २२ नोव्हेंबरला डल्लासमध्येही तो पट्टा कमरेला होता, आणि पहिली गोळी लागल्यावर तो त्यामुळेच ताठ बसून राहिला असावा असा तर्क काही डॉक्टरांनी मांडलेला आहे. तर्कच तो.

*

क्राऊस बरोबर होता, पण त्याच्याकडे पुरावा म्हणजे त्याचे रुग्ण. ‘माझ्याकडे येऊन बरे झाले’ हे तर मालिश करणारा आणि मंत्र टाकणाराही सांगतो. पडून राहणं आणि हिंडतं राहणं यांची गाठ समोरासमोर, चिठ्ठ्या टाकून, लावायला अजून वीसपंचवीस वर्षं गेली.

अंथरुणावर पहिला संशय पाठीसाठी घेतला गेला नव्हता. लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरने डिसेंबर १९४७मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. छाती, रक्तवाहिन्या, कातडी, हाडं, आतडी, मन, एकेक अवयव घेऊन त्याने दाखवलं की खाटेवर काय काय बिघडतं. १९६६मध्ये डल्लासमध्येच वीस वर्षांच्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. त्यांची दम टिकवायची क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. हेच पाच जण तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं विशीत तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं.

आणि एक धागा आपल्याकडून जातो. १९५६मध्ये मद्रासला क्षयाच्या रुग्णांवर एक चाचणी सुरू झाली. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये खाट, सकस अन्न आणि आराम. अर्धे आपल्याच दाटीवाटीच्या घरात राहून तीच औषधं घेणारे, हिंडणारे-फिरणारे, यथातथा खाणारे. १९५९मध्ये निकाल आला. दोन्हीकडे बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं. आरामाची शंभर वर्षांची इमारत गरीब वस्तीतल्या लोकांनी हलवली. पाठीच्या क्षयातही, ज्यात मणका खरोखर पोखरला जातो, हाच प्रश्न विचारला गेला. त्या आजारात मुलं महिनोन्‌महिने प्लास्टरच्या साच्यात निजून असायची. कोरियात मासान आणि पुसान या शहरांत ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या गटाने तुलना केली. एका शहरात सहा महिने हॉस्पिटलात पडून राहणारे आणि पहिल्या दिवसापासून चालतेफिरते असणारे, दुसऱ्यात प्लास्टरचं जाकीट घातलेले आणि न घातलेले. औषध नीट चालू असेल तर फरक पडत नाही, हे १९७३पासून छापून यायला लागलं. त्याच दशकात बनारसला डॉ. एस. एम. तुली सरसकट ऑपरेशनही नको आणि सरसकट खाटही नको असा ‘मध्यम मार्ग’ सांगत होते.

पोखरलेला मणका चालता राहू शकतो, तर नुसती लचकलेली कंबर का नाही? १९८६मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात. बरं होण्यात फरक शून्य. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र ४५ टक्क्यांनी कमी.

खाडे हा शब्द आला म्हणून थांबतो. बेड रेस्ट हा सल्ला पगारी रजा असणाऱ्यासाठी होता. मार्केट यार्डात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला तो कुणी दिला नाही, दिला असता तर त्या दिवशी चूल पेटली नसती. म्हणून त्याची पाठ बरी राहिली असं मुळीच नाही. तिची वाट लागली, ओझ्यामुळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७मध्ये शिफारस केली, की एका माणसाने ५५ किलोपेक्षा जास्त उचलू नये. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. चालणं आणि वाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हालचाल चांगली’ हे वाक्य ज्याच्या डोक्यावर पोतं आहे त्याला ऐकवू नये.

१९९५मध्ये हेलसिंकीतून जे आलं त्याने मात्र डॉक्टरच चमकले. शहराच्या नोकरीत असलेल्या १८६ जणांना, पाठ नुकतीच धरलेली असताना, तीन गटांत वाटलं. पहिला गट दोन दिवस पडून. दुसरा गट पाठीचे व्यायाम करणारा. तिसऱ्याला एवढंच सांगितलं, की दुखेल तिथे थांबा, बाकी रोजचं चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. पडून राहणारे सर्वांत मागे. व्यायामवालेही तिसऱ्याच्या मागेच राहिले, ही गोष्ट क्राऊसला आवडली नसती. ताज्या दुखण्यात पाठीला ‘उपचार’ नको होते, नेहमीचं आयुष्य हवं होतं.

त्याच वर्षी नॉर्वेहून आगे इंडाहलचा अभ्यास आला. ९७५ माणसं, सगळी पाठीमुळे आठ आठवड्यांहून जास्त काळ रजेवर. एका गटाला नीट तपासलं आणि बसवून समजावलं, की हलक्या हालचालीने तुमची पाठ आणखी मोडत नाही, उलट तिची दुरुस्ती होते. जपून, वाकडं-तिकडं आखडून चालू नका, नेहमीसारखं सैल चाला. दोनशे दिवसांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक अजून रजेवर होते. समजावलेल्यांपैकी ३० टक्के.

मला वाटतं या आकड्यांमागची मुख्य गोष्ट भीती ही आहे. दुखण्याचा माणूस पाठ काचेची असल्यासारखा चालतो, श्वास रोखतो, हात हलवत नाही, आणि सगळे स्नायू एकमेकांना धरून बसतात. थंडीत हे दुप्पट होतं. आधीच खांदे वर, मान आत, त्यात घसरायची धास्ती. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये शिकायला गेलेल्या मराठी पोरांनी पहिल्या हिमवर्षावात एकदा तरी फुटपाथवर बसकण मारलेली असते आणि नंतर आठवडाभर ती भिंत धरून चालतात. तिथले लोक अशा वेळी पेंग्विनसारखं चालायला शिकवतात. पावलं छोटी, पाय थोडे फाकलेले, भार पुढच्या पायावर आणि हात खिशाबाहेर. पाठीसाठीही चालण्याची ती वाईट पद्धत नाही, फक्त बर्फ संपला की सोडून द्यावी लागते.

थंडीने पाठ धरते हा समज आपल्याकडे आहे तसा सगळीकडे आहे. सिडनीत ९९३ रुग्णांची पाठ ज्या दिवशी धरली त्या दिवसाचं हवामान आधीच्या दिवसांशी ताडून पाहिलं आणि २०१४मध्ये छापलं. तापमान, पाऊस, आर्द्रता, हवेचा दाब, कशाशीच संबंध जुळला नाही. अर्थात सिडनीचा गारठा म्हणजे हेलसिंकीचा नव्हे. आधीच दुखणाऱ्या पाठीला गारठ्यात जखडल्यासारखं वाटतं, हेही खरंच. पण डिसेंबर आला म्हणून पाठीने घरात बसावं याला आधार सापडत नाही.

फिनलंडमध्ये दोन काठ्या घेऊन चालायची पद्धत १९९०च्या दशकात रूढ झाली. मूळची स्कीइंग करणाऱ्यांची बिनबर्फाच्या दिवसांतली तालीम. डेन्मार्कमध्ये जुनाट कंबरदुखीच्या १३६ रुग्णांवर तिची परीक्षा झाली, २०१०मध्ये निकाल आला. प्रशिक्षकाबरोबर काठ्या घेऊन चालणारे, एकट्याने काठ्या घेऊन चालणारे आणि ‘हिंडतंफिरतं राहा’ एवढाच सल्ला मिळालेले, यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. काठ्या विकणाऱ्यांची निराशा. काठ्यांमुळे बर्फावर तोल राहतो, तो फायदा वेगळा.

आणि अगदी अलीकडचं. २०२४च्या जूनमध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी आली. पाठदुखीतून नुकतेच उठलेले ७०१ लोक. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने चालण्याचा प्रत्येकाच्या बेताचा कार्यक्रम दिला, सहा महिन्यांत हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा, अर्धा अर्धा तास. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांच्यापैकी निम्म्यांची पाठ ११२ दिवसांत पुन्हा दुखायला लागली. चालणाऱ्यांत तेवढ्याच प्रमाणाला २०८ दिवस लागले. चालूनही अनेकांची पाठ पुन्हा दुखली, म्हणजे हा रामबाण नव्हे. पण मधले तीन महिने मिळाले, आणि त्यासाठी लागलं काय, तर बूट.

हे सगळं साध्या पाठीबद्दल आहे. पाय लुळा पडत असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, पडल्यानंतर हाड मोडल्याची शंका असेल किंवा ताप आणि वजन घटणं सोबत असेल, तर चालायला नव्हे, ताबडतोब दवाखान्यात जायचं. मिक्स्टर आणि बार यांचा शोध अशाच मोजक्या लोकांसाठी होता.

१९६३च्या वेडाची मोजदाद करू गेलं तर त्या हिवाळ्यात कित्येकांच्या पायांना फोड आले, गुडघे सुजले, डॉक्टरांनी सराव नसलेल्यांना इशारे दिले. पन्नास मैल हा पाठीसाठी निरुपयोगी आकडा आहे. बॉबीच्या बर्फातल्या चालीत शौर्य आहे, थोडा भावाचा धाक आहे, औषध नाही. त्याच्या पाठीला काही झालेलंही नव्हतं. औषध होतं ते त्या तलावाशेजारच्या खोलीत, आठवड्यातून तीनदा, कुणी बघत नसताना.

बॉबी ज्या वाटेने चालला ती वाटही चालण्यामुळेच शिल्लक होती. कालव्याच्या जागी मोटाररस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा १९५४च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस पत्रकारांना बरोबर घेऊन त्या काठाने सुमारे १८५ मैल चालले होते आणि रस्ता बारगळला होता. मेरीलँडमधल्या बून्सबरो गावाने १९६३च्या वसंतात पन्नास मैलांची चाल भरवली होती, तीही टिकली. केनेडीचं नाव लावून ती आता नोव्हेंबरात होते, आणि पन्नासांतले सव्वीस मैल अजून त्याच कालव्याच्या काठावरून जातात.